पुळणीतली घोळ

मिठबाव, रविवार

प्रिय नम्रता,

गणपतीनंतर येते म्हणालीस, दसराही गेला. कुडाळहून मिठबाव म्हणजे काही विलायत नव्हे! फोनवर "जेवलात का, गोळ्या घेतल्यात का" एवढं विचारतेस आणि पुढचं काहीतरी गिळून टाकतेस. सासू असले तरी मला ते ऐकू येतं.

इथे माडांखालच्या पुळणीत घोळ माजली आहे. तांबूस देठ, जाडसर रसरशीत पानं. लग्न होऊन आलीस तेव्हा तण समजून तू ती सगळी उपटून कुंपणाबाहेर फेकलीस. ह्यांनी कपाळाला हात लावला, "अगो, जेवणातली भाजी भायर टाकलंस!" मग तूच जाऊन पदरात गोळा करून आणलीस.

मागच्या खेपेला तू ऑफिसातल्या विनीतला घेऊन आलीस. म्हणे त्याची गाडी याच बाजूला येत होती. बरं, म्हटलं. त्या दिवशी घोळ मी धुतली आणि माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना वाळू दिसली नाही. पहिल्याच घासाला हे ओरडले, "भाजी रांदलंस काय पुळण?" विनीत मात्र कचकच चावत मुकाट्याने जेवला, वर आणखी वाढा म्हणाला. आपला दत्तप्रसाद असता तर ताट सरकवून उठला असता; पोटचा मुलगा असला तरी खोटं कशाला बोलू! तो गेल्यापासून त्याच्या आठवणीवाचून माझा एक दिवस जात नाही. पण त्या दुपारी तू विनीतच्या ताटाकडे बघून हसू दाबत होतीस. तुला तसं हसताना किती दिवसांनी पाहिलं! मी आत जाऊन रडून घेतलं. आनंदानेच गो.

काल ह्यांना सगळं सांगितलं. तसे पाठ फिरवून माडांकडे बघत बसले. मला वाटलं, झालं, बिनसलं. मग डोळे पुसून म्हणाले, "तिका सांग, भियाव नको. पण लगीन आपल्याच दारात होवंक व्हया." म्हणून हे पत्र. आमचं कसं होईल या विचाराने अडून बसू नकोस. तुझ्या माहेरी आता कोणी उरलं नाही, तेव्हा कन्यादानाला आम्ही दोघं बसणार. फक्त विनीतच्या आईला आधीच सांगून ठेव, मुलीची आई जरा खाष्ट आहे.

तुझीच,
आई