पात्यामागचा थर

३ मार्च
चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

आठवतं, शाळा सुटली की आपण दुकानाच्या फळीवर पाय हलवत बसायचो आणि बाबा मांस कापायच्या यंत्राचं पातं काढून उकळत्या पाण्यात धुवायचे? काप चोरायचीस तू, ओरडा खायचे मी!

बाबांनी जाण्याच्या आदल्या दिवशी बसवलेलं पातं मी वर्षभर हलवलेलं नाही. त्यांचा हात लागलाय त्याला. रोज वरून पुसते, आरशासारखं चमकतं.

सोबत तुझ्या लेकीसाठी खारवलेल्या मांसाचे काप आहेत. तिला सातवा महिना, म्हणून बर्फात बांधून पाठवतेय. म्हणावं, मावशीने कापलेत, आजोबा कापायचे तसे पातळ.

लोभ आहेच, वाढव.
ताई

२ एप्रिल
ती. ताईस सा. न.

लेकीला आठवडाभर ताप होता. साधाच वाटला गं. परवा बाळ गेलं. मुलगी होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात जंतू सापडलेत. तयार मांसातून येतात, फ्रिजच्या थंडीतही वाढतात. मी म्हटलं, बाहेरचं काहीच खाल्लं नाही, फक्त आमच्या ताईकडचं. ते तर घरचंच. जावई बघतच राहिला माझ्याकडे. मी त्याला ठणकावलं, आमचे बाबा पातं उकळायचे, ताईही उकळते.

उकळतेस ना गं? तेवढं कळव. उरलेलं पुडकं लेक टाकू देत नाही. मावशीने दिलंय म्हणते.

तुझी
छकुली

६ एप्रिल
चि. छकुलीस,

नाही उकळत. एकदाही नाही.

तुझं पत्र वाचलं आणि पातं काढलं. मागे करडा, चिकट थर होता, वास मारणारा. बाबांचा हात मी जपत होते म्हणे. त्यांनी तर ते रोज काढलं असतं. पातं तसंच ठेवून अन्न-तपासनिसांना बोलावलंय. काय निघेल ते मला कळलंय.

दुकान बंद केलं. तरी संध्याकाळी कुलूप बघायला गेले की फळीवर कुणी पाय हलवतंय असं वाटतं. तुझे-माझे नव्हेत. फार लहान आहेत.

पुडक्याला कुणी हात लावू नका. ते बांधून डॉक्टरीणबाईंना दे. पातं आणि गिऱ्हाइकांची यादी तपासनिसांना देतेय, सगळ्यांना कळवायला हवं. बाबांचा एप्रन तुला. हे पत्र लेकीला दे. तिचं तिला वाचू दे. तू वाचून दाखवू नकोस, मला सांभाळून घेशील.

ताई