कातळवाडीचा बंगला आणि आत्याची मोकळीक

मी, तेजल महेंद्र सकपाळ, वय ३१, राहणार कातळवाडी, तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. मी घाबरले आहे. बुद्धी मात्र ठिकाणावर आहे.

१. वडिलांनी माझ्या नावे केलेला बंगला मी माझी आत्या दर्शना हिला पूर्ण मालकीने देते. वकिलांच्या मसुद्यात तिला फक्त 'तहहयात राहण्याचा हक्क' होता. तो मी का खोडला, हे लिहिणं भाग आहे.

बंगला महिपत नावाच्या गृहस्थांनी बांधला. ते नोकरीला मुंबईत, पत्नी तुळसाबाई इथे एकट्या. एका पावसाळ्यात त्या वारल्या. कळलं ते दार फोडल्यावर. पुढे घराला गिऱ्हाईक मिळेना. माझे आजोबा गंगाराम यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली होती. "आम्ही भुतंखेतं मानत नाही," म्हणत त्यांनी ते घेतलं.

त्यामुळे मागच्या पडवीतली पावलं आमच्या घरात कोणालाच ऐकू येईनात. आजी येसूबाई तिन्हीसांजेला तिथे पाण्याचा तांब्या ठेवी. विचारलं तर म्हणे, "मांजरासाठी." आजीमागे बाबा ठेवू लागले, बाबांमागे मी. आमच्याकडे मांजर कधीच नव्हतं.

आत्याने लग्न केलं नाही, घर सोडलं नाही. तिला बंगल्याचा लळा आहे, असंच आम्ही धरून चाललो. मसुदा वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मरेपर्यंत मीच काय गो?"

"मीच म्हणजे?"

"सोबतीला. आये जाताना बोलली, त्या बाईला एकटी टाकू नको. तुम्ही सगळे शिकलेले. तुम्हाला कोण सांगणार?"

"तुला कुठे राहायचंय, आत्या?"

"संगमेश्वरात, स्टँडाजवळ. माणसांचा आवाज येईल अशा खोलीत."

२. म्हणून आत्याने बंगला विकावा किंवा बंद करावा. तिला कोणी अडवू नये. माझा भाऊ अभय मुंबईहून फोनवर म्हणतो, "आत्या आहे म्हणून आजोबांचं घर उघडं आहे." ज्याला घर उघडं हवं, त्याने येऊन राहावं.

३. माझी बँकेतली सगळी बचत आत्याच्या खोलीसाठी.

४. बाबांची कलमं बांधायची सुरी शेजारच्या शिवाला. दरवर्षी मागतो, दरवर्षी मी नाही म्हणते. त्याने आमच्या हापूसची फांदी न विचारता तोडली होती, ते मी विसरलेले नाही. तरी सुरी द्यावी.

५. व्यवस्थापक म्हणून अभयला नेमते. आत्या निघेल त्या दिवशी त्याने मागच्या पडवीत उभं राहून मोठ्याने सांगावं: "तुळसाबाई, दर्शना गेली. आता इथे कोणी येणार नाही. तुम्हीही निघा." लाज वाटली तरी सांगावं. मी बरी होऊन आले, तर मीच सांगेन. नाही आले, तर त्याने तुळसाबाईंपाठोपाठ माझंही नाव घ्यावं.

सही: तेजल महेंद्र सकपाळ

आमच्यादेखत सही केली. (आत्याला मिळकत मिळणार, म्हणून तिची साक्ष घेतलेली नाही. ती रुसली आहे.)
साक्षीदार: १. रसिका सुनील तांबे २. हरिश्चंद्र धाकू मोहिते

कातळवाडी, १४ जानेवारी २०२५