कार्डावरचे अकरा होल

रविवार, संध्याकाळ

आज सरांनी सगळ्यांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. रायफल शिकायला लागून जेमतेम महिना झाला आणि निशाण्याच्या कार्डाच्या मधोमध, दहा गुणांचा होल! मीही हसले. मग कार्ड हातात आल्यावर मोजले. छर्रे दहा मारले होते. होल अकरा.

मधला माझा नाहीच. माझे सगळे कडेकडेला, चाळणीसारखे. शेजारच्या लेनमध्ये भोईरकाका होते, त्यांचा एक छर्रा चुकून माझ्या कार्डावर आला. त्यांच्या कार्डावर नऊच. सर म्हणाले, "काका, एक पूर्ण बाहेर? चष्म्याचा नंबर वाढला का?" काका काच पुसत राहिले. "डोले गेले वाटतं माजे," म्हणाले. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तोंड उघडलं नाही. का? चार टाळ्यांसाठी? या वयात?

घरी ह्यांनी कौतुकाने कार्ड फ्रिजवर लावलं. पाणी घ्यायला गेलं की ते अकरा होल समोर.

शेवटी धीर करून काकांना फोन लावला. पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचं ठरवलं होतं.

"बोल गो. वाशीला चष्म्याच्या दुकानात हाय. डोले तपासून घेतो म्हटलं."

तपासायचं काय त्यात! नेम मधोमध लागलाय त्यांचा, फक्त कार्ड माझं होतं. एवढंच बोलायचं होतं मला.

आणि मी विचारलं, "फ्रेम कुठली बघताय, काका?"