गॅस जातो कुठे?

३ जून, शनिवार
आई गाडीतच बेशुद्ध पडली! इब्राच्या दवाखान्यातून परत येताना, घर वीस किलोमीटरवर असताना. डायलिसिसनंतर तिचं बीपी तसंही उतरलेलं असतं. त्यात सत्तेचाळीस डिग्री, काचा उघड्या, भट्टीसारखा वारा. एसीतला गॅस पुन्हा गेलाय — दोन महिन्यांत तिसऱ्यांदा.
बाभळीखाली गाडी घेतली, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडून म्हणते काय — "सुवैलिम, जेवलास का रे?"
आणि हा सुवैलिम कोण? मीच, अख्ख्या सिनाव गावच्या गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा. बारा वर्षं! फार लाज वाटली.

४ जून
नर्सचा फोन. "आईंना या उन्हात थंड गाडीतूनच आणा. आणि एकही खेप चुकवू नका, छातीत पाणी भरेल."
शनिवार, सोमवार, बुधवार. चुकवून कसं चालेल?

५ जून, सोमवार
पहाटेच निघालो. येताना आईच्या डोक्यावर ओला पंचा. आली बापडी, कुरकुर नाही.
दुपारी गाडी दुकानात घेतली. थोडा गॅस भरला, सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. मग गॅस हुंगणारं यंत्र आत नेलं, हवा येते त्या जाळीपाशी धरलं — काय किंचाळलं! म्हणजे गळती कूलिंग कॉइलला. म्हणजे सगळा डॅशबोर्ड खोलायचा. दोन दिवसांचं काम.
घरी सांगितलं तर आई म्हणाली, "कशाला एवढा खटाटोप? काचा उघड्या असल्या की मला बरं वाटतं."
बरं वाटतं म्हणे! परवा बेशुद्ध पडली होती ती कोण, शेजारीण?

७ जून
पुन्हा पहाटे. पुन्हा ओला पंचा. येताना दोनदा थांबलो.

८ जून, गुरुवार
आज बाजाराचा दिवस, सगळं गाव दुकानासमोरून जात होतं आणि माझ्या गाडीची आतडी फरशीवर. कॉइल काढली, हवेचा दाब भरला, पाण्यात बुडवली. काही नाही! ठणठणीत.
शेजारच्या गॅरेजचे हिलालकाका आले. कॉइल हातात घेऊन हुंगली आणि हसत सुटले. "अरे, ही कॉइल आहे की नवरीचं कपाट?"
कॉइलवर काळपट, चिकट थर. लोबान, ऊद, अत्तर. गाडी निघायच्या आधी आई काचा लावून सीटखाली धुपाटणं ठेवते, वर अत्तर शिंपडते, हे मला माहीत होतं. दृष्ट काढते असं मी धरून चाललो होतो. यंत्र गॅसला नाही, आईच्या अत्तराला ओरडत होतं!
"अख्खा डॅशबोर्ड खोललास," काका म्हणाले, "आणि पकडलंस कुणाला? आईला!"
खरी गळती संध्याकाळी सापडली. गॅस भरायच्या तोंडातली एवढीशी पिन, टायरच्या ट्यूबला असते तशी. साबणाचं पाणी लावलं तेव्हा गॅस भरायची माझीच नळी त्यावर बसवलेली होती, बुडबुडा दिसणार कुठून? जिथून भरत होतो तिथूनच जात होता. पिन बदलायला पाच मिनिटं लागली. शम्साला सांगितलं तर बायको म्हणून तिने हसू तरी आवरायचं!

१० जून, शनिवार
एसी असा की दात वाजावेत. आईने काच खाली केली. मी वर केली. तिने खाली केली. मी माझ्याकडचं बटण दाबून काचा बंदच करून टाकल्या. वाटलं, हट्ट करतेय. तासभर ती ओढणी तोंडावर धरून दाराला चिकटून बसली.
(नंतर लिहिलेलं: फार वाईट केलं मी. पण ते त्या दिवशी कळलं नव्हतं.)

१२ जून, सोमवार
आई आली नाही. पोट बिघडलंय म्हणे. खोटं. तिच्या खोलीच्या दाराशी बसून राहिलो तेव्हा बोलली.
"माझ्या तोंडाला वास येतो, बाळा. अंगाला पण. शेजारच्या खाटेवरची बाई नाक झाकते. काच उघडी असली की वारा घेऊन जातो. बंद गाडीत तू एवढा वेळ कसा बसणार माझ्याजवळ? म्हणून तर धूप घालते."
"वास येत नाही, आई."
"तुला नीट खोटं बोलता आलंय कधी?"
येतो वास. त्या आजाराचाच असतो. लहानपणी मला गोवर झाला तेव्हा हीच आई मला कुशीत घेऊन झोपायची, आणि आता माझ्यापासून तोंड लपवते! रडू आलं. तिच्यासमोरच.
"चल ना गं," म्हटलं. भिंतीकडे वळली.

१३ जून
पाय सुजलेत. दोन शब्द बोलली की धाप. शम्साने हात जोडले, मुलांनी गळ घातली. "उद्या बघू" म्हणते. उद्या नाही गेली तर?

१४ जून, बुधवार
हिलालकाकांचा माजावर आलेला, कोसभर दर्प मारणारा बोकड मागून आणला, मागच्या सीटवर बांधला. काचा बंद, एसी चालू. आई दारात आली, ओढणीआड हसायला लागली आणि बसली! इब्रापर्यंत आम्हा दोघांच्या डोळ्यांतून पाणी. अर्ध्या वाटेत तिने तोंडावरची ओढणी काढली. उतरताना म्हणाली, "शनिवारी याला आणू नकोस. आपण दोघंच येऊ."