पापलेटाचे कल्ले

रविवार, संध्याकाळ. पाय बादलीत, वही मांडीवर.

आज आम्ही चौघी मैत्रिणी सोंगं घेऊन चौलहून काशीदपर्यंत चालत निघालो, होडीवाल्यांच्या लाइफ जॅकेटसाठी मदत मागत. मी खेकडा, वंदना पापलेट. हळदीकुंकवाला नाव घ्यायला लाजणारी वंदना, चंदेरी पुठ्ठ्यात, भर रस्त्यात.

रेवदंड्याच्या बाजारात एका कोळणीने सवयीने तिचा कल्ला उचलला. आत पांढरा पुठ्ठा. "बाय, तुजं पापलेट शिळं हाय." सगळा बाजार हसला. मासे घेताना आम्ही रोज कल्ले लाल आहेत का बघतो, आणि रंगवताना नेमके तेच विसरलो. मला वाटलं, आता ही घरी जाणार. तिने पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि बोटाने दोन्ही कल्ले आतून लाल केले. "आता बघ, मावशे." कोळणीने परत बघितलं आणि कल्ल्यातच नोट खोचली. पुढे गावोगाव बायका तेच करत राहिल्या.

मी बोर्लीला टेम्पोत बसले. गुडघा दुखतोय म्हटलं. खरं तर कंटाळले होते. तसं सांगायला काय झालं होतं?

काशीदला वंदना चालत पोचली तेव्हा मी तिचा कल्ला उचलला. कुंकू घामाने वाहून गेलेलं, पण शेजारीच तिचा गाल उन्हाने लालबुंद.

तिने आधी विचारलं, "तुझा गुडघा कसा आहे गं?"

खेकड्याचे कल्ले कुणी उचलून बघत नाही, हे माझं नशीब.