नऊ दिवसांची हजेरी

पोरी,

तू गेलीस तेव्हा नववीत होतीस आणि मी तुझी वर्गशिक्षिका. आता निवृत्त होऊन रोह्याजवळ वरसे गावात राहते. गुडघे दुखतात, जिना चढताना मध्येच थांबावं लागतं, आणि थांबले की पेणच्या शाळेतलं काहीतरी आठवतं. बहुतेक वेळा तूच. कंटाळा आलाय गो मला तुझी आठवण काढायचा. रागावू नकोस, आज खरं तेच लिहायला बसलेय.

पेणमध्ये आषाढ लागला की आपला वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. पोरं गणपतीच्या कारखान्यांत. कोणी मूर्ती घासायला, कोणी रंग द्यायला, आणि तू डोळे आखायला. चौदाव्या वर्षी डोळ्यांचं काम कोणी हाती देत नाही, पण तुझा हात असा स्थिर, की कारखान्याचे मालक स्वतः शाळेत कौतुक सांगायला आले होते. हजेरी कमी भरली तर पोरांची परीक्षा अडेल, म्हणून त्या दोन महिन्यांत आम्ही शिक्षक कारखान्यातल्या मुलांना सरसकट हजर मांडायचो. कोणी लेखी सांगितलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मला त्यात काही गैर वाटायचं नाही. उलट आपण किती समजूतदार, असंच वाटायचं.

एकदा तू नखांत निळा रंग घेऊन वर्गात आलीस आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "हात धुवून यायला काय होतं?" तू म्हणालीस, "धुतलं व्हतं बाई, निघत नाय." मधल्या सुट्टीत टेबलाशी येऊन तू मलाच शिकवलंस, की डोळा आखताना श्वास सोडायचा नसतो, सोडला की रेघ हलते. मी श्वास धरून फळ्यावर खडूने करून पाहिलं. माझा बाप्पा चकणा झाला आणि तू तोंडावर ओढणी धरून हसत सुटलीस.

त्याच पावसाळ्यात तू नऊ दिवस आली नाहीस. मी नऊही दिवस तुझ्या नावापुढे हजर लिहिलं. वाटलं, कारखान्यात असेल. कारखान्यातल्यांना वाटलं, शाळेत असेल. तू जिते गावाच्या बाजूला तुमच्या वाडीत, घरी तापाने फणफणत होतीस. आईवडील भातलावणीला जायचे. डॉक्टरची सुई टोचली की ताप उतरायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढायचा. साधा ताप नाही, पावसाच्या पाण्यातून होणारा लेप्टो आहे, हे मोठ्या दवाखान्यात नेल्यावर कळलं, तोवर उशीर झाला होता. ज्या दिवशी तू गेलीस, त्या दिवशीही मी तुला हजर मांडलं आहे.

मी भेटायला आले तेव्हा तुझी आई रडत नव्हती. तिने सरळ विचारलं, "बाई, एक दिस पोर नाय आली तं तुमी मानूस धाडता. मंग हिच्याच टायमाला कसं नाय धाडलंत? कोनी शिकलेलं आलं असतं तं लवकर नेली असती मी." वाडीतली माणसं माझ्याकडे बघत होती. मला भीती वाटली. हजेरीच्या मस्टरची, नोकरीची, त्या बाईची. मी म्हटलं, "पाठवला होता निरोप. दोनदा. शेजारच्या मुलीबरोबर."

शेजारची म्हणजे तुझ्याच बसने येणारी, सहावीतली. तिच्याशी मी त्या नऊ दिवसांत एक शब्द बोलले नव्हते. तुझी आई तिच्याकडे वळली, "काय गो, बोलली का नायस?" पोर भेदरून रडायला लागली आणि सगळ्यांना ते रडणंच उत्तर वाटलं. तुझ्या आईने पुन्हा कधी तिला दारात उभं केलं नाही, असं ऐकते.

ती आता धाटावला एका कंपनीत आहे. माझ्यापासून चार घरं सोडून राहते. सकाळची शिफ्ट असली की परतताना माझी औषधं आणून देते. तिची मुलगी सहावीत आहे, पण तिला ती कोणाचा साधा निरोपसुद्धा न्यायला लावत नाही. गेल्या रविवारी चहा पिताना एकदम म्हणाली, "बाई, मी लय आठवून बघते, पन काय आठवतच नाय. तुमी सांगितलं व्हतं आन् मी इसरले, असंच ना?"

नाही गो, मी सांगितलंच नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. घरात आम्ही दोघीच होतो. आता ना नोकरी जायची, ना कोणी मस्टर बघायचं. मी म्हटलं, "जाऊ दे. लहान होतीस तू."

तिने मान हलवली आणि माझा कपसुद्धा विसळून ठेवला.

हे पत्र तुला कुठे पाठवणार? खरं तर ते तिच्या हातात द्यायला हवं, चार घरांवर तर आहे. पण तुला लिहिलं, कारण तू काही विचारायला येणार नाहीस.