घोट्याच्या वर दोन बोटं

४ मार्च
आज मशीनची सुई दोनदा तुटली. मन थाऱ्यावर नव्हतं.
काल दुपारी म्हाताऱ्या पुरुषांच्या वॉर्डात एक आजोबा पडले. खुब्याचं हाड मोडलं. बाथरूमकडे निघाले होते, पायजम्यात पाय अडकला — त्यांनी स्वतःच तसं सांगितलं म्हणे.
पायजमा माझा. या इस्पितळातला प्रत्येक पायजमा माझाच. अकरा वर्षं एकाच मापात बेततेय, उंच माणसाच्या. बुटक्यानं खालून दुमडून घ्यावा, असं धरून चाललेले. ऐंशीच्या माणसानं वाकून दुमडायचा!

५ मार्च
ताट तसंच बाजूला सारलं. हे म्हणाले, "तू काय ढकललंस त्यांना?" नाही ढकललं. पण गप्प बसवत नाही.

७ मार्च
धीर करून वर गेले. ऑपरेशन झालंय. आजोबा जमीन मोजणीच्या खात्यात होते. मला बघून म्हणाले, आयुष्यभर जमीन साखळीनं मोजली, अंगानं मोजायची तेवढी राहिली होती. मला हसू फुटलं आणि मग रडूच आलं. पायजमा मी शिवलाय, सांगून टाकलं. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, तुमची काही चूक नाही, बाई.
वॉर्डात एक नवी सिस्टर होती, एकटीच. या खाटेवरून त्या खाटेकडे पळत होती. डोळे सुजलेले.

९ मार्च
पहाटे स्वप्न पडलं. वॉर्डातले सगळे आजोबा पांढऱ्या कापडावरून चालले होते. पायजमे मागे लांबत चाललेले — जिन्यावरून, फाटकातून, थेट नदीपर्यंत. कुणी पडत नव्हतं, कारण खाली जमीनच नव्हती. मी कात्री घेऊन मागे धावत होते आणि कापड संपत नव्हतं. जाग आली तेव्हा बोटं अजून कात्री चालवत होती, हवेतच. वाईट नाही वाटलं. उलट हलकं वाटलं.

१२ मार्च
मेट्रनबाईंकडे गेले. म्हटलं, माणसाच्या मापाचे पायजमे करू द्या. त्या म्हणाल्या, ते तुमचं काम नाही, तुम्ही आपलं शिवा. हात हलवत परत आले.
दुपारी त्या स्वतःच खाली कपड्यांच्या खोलीत आल्या, हातात पडल्या-झडल्याचं रजिस्टर. म्हाताऱ्यांच्या त्या एका वॉर्डात महिन्याला पाच-सहा जण पडतात. म्हणाल्या, तोच एक वॉर्ड घ्या, एक महिना. बघू.

१५ मार्च
दिवसभर फरशीवर बसून मापं घेतली. घोट्याच्या वर दोन बोटं. टाचणी. पुढचा.
खालून वॉर्ड वेगळाच दिसतो. माणसं नसतात, नुसते पाय. कुणाचे मोजे गुळगुळीत, कुणाची चप्पल टाचेत फाटलेली. एका बेकरीवाल्या आजोबांचा पाय मांडीवर घेतला, माप घेतलं, बघते तर ते झोपलेले. किती वर्षांत कुणी पायाला हात लावला नसेल! मला पाय खाली ठेववेना. ऊन फरशीवरून हळूहळू सरकत माझ्या टेपवर आलं, मग त्यांच्या बोटांवर. तशीच बसून राहिले. बाकीचे पायसुद्धा दबकत चालल्यासारखे वाटले.

२० मार्च
आज चौतीस पायजमे. बोटांची चाळण.

२८ मार्च
मोजणीवाले आजोबा वॉकर धरून उभे राहतात, पण पाऊल टाकत नाहीत. भीती बसलीय. व्यायाम घेणारी ताई थकली. मी सहज माझा टेप फरशीवर पसरला. त्यांनी वाकून बघितलं. म्हणाले, सरळ नाही तो, डावीकडे घ्या. घेतला. मग स्वतःच टेपच्या कडेकडेनं निघाले, ओठातल्या ओठात आकडे मोजत. सव्वा मीटर. खाटेवर बसल्यावर म्हणाले, उद्या दोन.

१४ एप्रिल
आजोबा मागच्या आठवड्यात घरी गेले, साडेअकरा मीटर चालून!
महिन्याचा हिशेब आज मीटिंगमध्ये वाचला. त्या वॉर्डात महिन्याभरात दोघंच पडले. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, माझे कान तापले. आता सगळ्या वॉर्डांना आखूड पायजमे. नवी सिस्टर दारात उभी होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.
घरी सांगितलं तर हे म्हणाले, "आता आमच्याही विजारी आखूड होणार तर." पण मला दुसऱ्यांदा वाढायला स्वतः उठले.
ते दोघं कसे पडले, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

१७ एप्रिल
मोजणीवाले आजोबा तपासणीला आले होते. काठी टेकत थेट माझ्या खोलीत. बरोबर आलेल्या मुलाला तपासणीचे कागद आणायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं.
"बाई, पायजमा अडकलाच नव्हता. चांगला वर खोचला होता मी. वीस मिनिटं बेल वाजवत होतो, कुणी आलं नाही. शेवटी उठलो. ती नवी सिस्टर, पोरगीच ती, एकटी होती, बावीस खाटांना. खरं सांगितलं असतं तर सगळं तिच्यावर आलं असतं. म्हणून पायजम्याचं नाव घेतलं. तुम्ही येऊन रडाल, हे काय मला ठाऊक!"
मी त्यांना जिन्यापर्यंत सोडून आले. मशीनवर साठ पायजमे पडलेत. ते करीनच.
उद्या सकाळी मेट्रनबाईंकडे जायचं. पोरीचं नाव घ्यायचं नाही. बावीस खाटा, एक माणूस — एवढंच बोलायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही.